चेतासंस्थेची रचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताला मुंग्या, कमरेतून पायात उतरणारी कळ, एका बाजूला वाकडे झालेले तोंड. अशा तक्रारींत त्रास एका जागी जाणवतो आणि बिघाड भलत्याच जागी असतो. कोणती चेता (नर्व्ह) कुठून निघते, कोणत्या अरुंद जागेतून जाते आणि कुठे पोचते हे ठाऊक असेल, तर बिघाडाची जागा एमआरआय काढण्याआधीच पुष्कळदा ओळखता येते. शाळा-कॉलेजचे, नर्सिंगचे आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी, तसेच रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे इथे त्याच अंगाने दिली आहेत.

चेतासंस्थेत नेमके काय काय येते?

मेंदू आणि कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारा मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. मेंदूपासून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूपासून निघणाऱ्या ३१ जोड्या, त्यांच्या फांद्यांसह, परिघीय चेतासंस्थेत येतात. हृदय, आतडी, मूत्राशय, घामाच्या ग्रंथी यांचा कारभार आपल्या इच्छेविना चालवणारी ती स्वायत्त चेतासंस्था. तिची केंद्रे मेंदूत व मेरुरज्जूत असतात आणि तंतू परिघीय चेतांमधूनच धावतात.

ही विभागणी केवळ परीक्षेपुरती नाही. चेतातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. मध्यवर्ती भागात ते ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी बनवतात, परिघीय भागात श्वान पेशी. त्यामुळे आजारही वेगळे होतात. मल्टिपल स्क्लेरोसिस मध्यवर्ती मायलिनवर हल्ला करतो, तर गियाँ-बारे सिंड्रोम परिघीय चेतांवर. दृष्टिचेता मेंदूच्या चेतांत दुसऱ्या क्रमांकावर मोजली जाते खरी, पण घडणीने ती मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिसची सुरुवात अनेकदा एका डोळ्याची नजर अंधूक होण्याने होते.

चेतापेशी कशी असते? संदेश किती वेगाने जातो?

पेशीचा मुख्य भाग, संदेश घेणाऱ्या आखूड वृक्षिका आणि संदेश पुढे नेणारा एकच लांब अक्षतंतू अशी तिची घडण असते. विश्रांतीत पेशीच्या आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. सोडियमचे मार्ग उघडले की हा फरक क्षणभर उलटतो आणि ती लाट अक्षतंतूवरून पुढे सरकते. दोन पेशींमधली फट संदेश बहुधा रसायनांच्या मदतीने ओलांडतो.

वेग तंतूच्या जाडीवर आणि मायलिनवर अवलंबून असतो. स्नायूंकडे जाणारे जाड, मायलिन असलेले तंतू सेकंदाला ८० ते १२० मीटर वेगाने संदेश नेतात. मंद, जळजळणारी वेदना नेणारे बारीक, मायलिन नसलेले तंतू जेमतेम ०.५ ते २ मीटर. पायाचे बोट उंबऱ्याला ठेचले की आधी तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो, तो याच फरकामुळे.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. लांबीचा विचार केला तर पायाच्या अंगठ्यापासून थेट मेंदूच्या बुंध्यापर्यंत जाणारा तंतू एकाच पेशीचा असतो आणि उंच माणसात तो दीड मीटरहून लांब भरतो. हे लक्षात ठेवा, मधुमेहाच्या प्रश्नात त्याची गरज पडेल.

हाताच्या पाठीवर दिसणाऱ्या निळ्या नसा म्हणजे चेता का?

नाही, त्या शिरा आहेत. मूठ वळल्यावर मनगटाच्या पुढच्या बाजूला उठून दिसणाऱ्या ताठ दोऱ्या म्हणजे कंडरा, स्नायू हाडाला जोडणारे बंध. चेता पांढुरक्या-पिवळसर असतात आणि बहुधा खोलवर जातात. एक मात्र सहज हाताला लागते. कोपराच्या आतल्या बाजूचे हाडाचे टोक आणि कोपराचे मागचे टोक यांच्यामधल्या खाचेत बोट हलकेच फिरवा, दोरीसारखी सरकणारी अल्नर चेता जाणवेल. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिणी जाते ती हिच्यामुळे. आणि रात्री पोटरीत गोळा येतो त्याला लोक ‘नस चढली’ म्हणतात, पण त्या वेळी आखडलेला असतो तो स्नायू.

मेंदूचा कोणता भाग काय करतो?

प्रौढ मेंदूचे वजन साधारण १.३ ते १.४ किलो, शरीराच्या सुमारे २%. पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २०% तो एकटा वापरतो. साठा जवळजवळ शून्य. रक्तपुरवठा पूर्ण थांबला की १० सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते आणि ४-५ मिनिटांनंतर पेशी कायमच्या निकामी होऊ लागतात.

सर्वांत मोठा भाग प्रमस्तिष्क. त्याचा पुढचा खंड हालचाली, निर्णय आणि वागण्याचा आवर यांसाठी, वरचा-मधला स्पर्श आणि जागेची जाण यांसाठी, कानाजवळचा ऐकणे व स्मृती यांसाठी, मागचा पाहण्यासाठी. बोलण्याची केंद्रे उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांत डाव्या अर्धगोलात असतात. १८६१ मध्ये पॉल ब्रोका यांनी बोलणे जवळजवळ गेलेल्या रुग्णाच्या डाव्या पुढच्या खंडातला बिघाड दाखवला. तिथे इजा झाली तर समजते, पण शब्द फुटत नाहीत. कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेल्या मागच्या भागात इजा झाली तर माणूस भराभर बोलतो, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचे त्याला समजत नाही. घरच्यांना हा ‘वेडाचा झटका’ वाटतो आणि मोलाचे तास वाया जातात. अचानक असंबद्ध बोलू लागलेला माणूस हा पक्षाघाताचा रुग्ण असू शकतो.

अनुमस्तिष्क मागे, खाली. वजनाने मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढे, पण मेंदूतल्या सुमारे ८०% चेतापेशी तिथेच दाटलेल्या आहेत. ते बिघडले तर ताकद जात नाही, तोल आणि नेमकेपणा जातो. मेंदूचा बुंधा अंगठ्याएवढा, पण श्वास, रक्तदाब, गिळणे आणि जागेपण त्याच्या हाती आहे.

माणूस मेंदूचा फक्त १०% भाग वापरतो, हे खरे का?

खोटे. तसे असते तर ९०% जागी झालेल्या इजांचा काहीच परिणाम दिसला नसता.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला तर शरीराची डावी बाजू का लुळी पडते?

हालचालीचे तंतू मेंदूच्या बाह्य थरातून निघून बुंध्याच्या सर्वांत खालच्या भागात, मस्तिष्कपुच्छात पोचतात आणि तिथे त्यांतले ८० ते ९०% पलीकडच्या बाजूला जातात. म्हणून त्या जागेच्या वरचा बिघाड विरुद्ध बाजूला दिसतो आणि खाली मेरुरज्जूतला बिघाड त्याच बाजूला.

संवेदनांचे दोन मार्ग मात्र दोन वेगळ्या ठिकाणी बाजू बदलतात. वेदना आणि तापमान नेणारे तंतू मेरुरज्जूत शिरल्यावर लगेचच पलीकडे जातात. हलका स्पर्श, कंपन आणि सांध्यांच्या स्थितीची जाण नेणारे तंतू त्याच बाजूने वर चढून मस्तिष्कपुच्छात ओलांडतात. त्यामुळे मेरुरज्जूचा डावा अर्धा भाग कापला गेला तर डावा पाय लुळा पडतो, डाव्या पायाची कंपनाची जाण जाते, पण टाचणीची टोच आणि गरम-थंड समजेनासे होते ते उजव्या पायाला. हे चित्र स्वतः कागदावर काढून पाहा, पाठ करावे लागत नाही.

तोंड वाकडे झाले. पक्षाघात की चेहऱ्याच्या चेतेचा लकवा?

रुग्णाला भुवया वर करायला सांगा. कपाळाच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांतून तंतू येतात, गालाच्या व ओठांच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्धगोलातून. म्हणून मेंदूतल्या झटक्यात तोंडाचा कोपरा ओघळतो, पण कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात. सातवी चेता कवटीतून बाहेर येताना सुजली तर (बेल्स पाल्सी) त्या बाजूचा अख्खा चेहरा निपचित होतो, आठी पडत नाही आणि डोळा मिटत नाही. अशा वेळी डोळ्याचे बुबुळ कोरडे पडून जखमी होते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी हे औषधाइतकेच महत्त्वाचे.

घरी ही खूण पाहून निश्चिंत मात्र होऊ नका, दोन्ही प्रकारांत त्याच दिवशी डॉक्टर हवा. हात-पाय लुळे पडले असतील किंवा बोलणे अडखळत असेल तर सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे ४.५ तासांच्या आत द्यावे लागते आणि ही वेळ मोजली जाते रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून. ती वेळ लिहून घ्या. गिळण्याच्या चेता कमकुवत झालेल्या असू शकतात, म्हणून तोंडाने पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका. अ‍ॅस्पिरिनही नाही, कारण झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कळत नाही.

डोक्याला मार लागल्यावर माणूस चांगला बोलत असतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो, ते का?

मेंदूवर तीन आवरणे आहेत: बाहेरचे चिवट ड्युरा, मधले जाळीदार अरॅक्नॉइड, मेंदूला चिकटलेले नाजूक पिया. कानशिलाजवळ कवटी पातळ असते आणि तिच्या आतून ड्युराला रक्त पुरवणारी धमनी जाते. हाड तडकून धमनी फाटली की रक्त कवटी आणि ड्युरा यांच्यामध्ये साठू लागते. मधल्या काळात माणूस शुद्धीत, बोलता-चालता असतो. मग दाब वाढतो, मेंदूचा बाजूचा भाग खाली दाबला जातो आणि तिथून जाणारी तिसरी चेता चेंगरते. त्या बाजूची बाहुली मोठी होते आणि प्रकाशाला आकसत नाही. ही खूण दिसली की हातात फार वेळ उरलेला नसतो. जोराचा मार लागलेल्या माणसावर २४ तास लक्ष ठेवायचे ते यासाठी. वाढती डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलटी, गुंगी यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय.

म्हाताऱ्या माणसांत प्रकार वेगळा असतो. वयानुसार मेंदू आकसतो, त्याला ड्युराशी जोडणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही फाटतात. रक्त हळूहळू झिरपते आणि चालणे बिघडणे, विसरभोळेपणा अशी लक्षणे कित्येक आठवड्यांनी दिसतात. ‘वयोमानाने होतेय’ म्हणून ती सोडून दिली जातात, आणि हा आजार शस्त्रक्रियेने बरा होणारा असतो.

मेंदूभोवती पाणी असते म्हणजे काय?

प्रमस्तिष्क-मेरुद्रव. एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो, पण दिवसाला ५०० मिलिलिटरच्या आसपास तयार होतो, म्हणजे दिवसातून तीनदा बदलतो. मेंदूतल्या पोकळ्यांत तो तयार होतो, चौथ्या पोकळीतून बाहेर पडून मेंदू-मेरुरज्जूभोवती फिरतो आणि शेवटी शिरांच्या रक्तात मिसळतो. वाटेत कुठे अडथळा आला की पोकळ्या फुगतात. तान्ह्या बाळाची कवटी जुळलेली नसल्याने त्याचे डोके मोठे होते, मोठ्या माणसात मात्र दाब वाढतो.

सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनने मेरुरज्जूला इजा होत नाही का?

मेरुरज्जू कण्याएवढा लांब नसतो. प्रौढात त्याची लांबी ४२ ते ४५ सेंटिमीटर असते आणि तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली फक्त चेतांची मुळे असतात, घोड्याच्या शेपटीसारखी, मेरुद्रवात तरंगणारी. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांचे माथे जोडणारी रेघ साधारण चौथ्या मणक्यावरून जाते. तिच्या आधाराने सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये घालतात. तिथे मुळे बाजूला सरकतात.

नंतर काहींचे डोके दुखते, उठून बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते. सुईच्या छिद्रातून द्रव झिरपल्याने हे होते. बारीक, पेन्सिलच्या टोकासारख्या सुया वापरल्या तर ते कमी होते. आयुष्यभराच्या कंबरदुखीचे खापर या इंजेक्शनवर फोडले जाते, त्याला आधार नाही.

मानेचे मणके ७, मग तिथल्या चेता ८ कशा?

पहिली चेता पहिल्या मणक्याच्या वरून बाहेर पडते, आठवी सातव्याच्या खालून. तिथून पुढे प्रत्येक चेता आपल्याच क्रमांकाच्या मणक्याखालून निघते: छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) ५ आणि माकडहाडाची १. एकूण ३१ जोड्या.

मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या चेतेतून श्वासपटलाकडे जाणारी फ्रेनिक चेता बनते. म्हणून त्याच्या वरची इजा श्वास थांबवते. अपघातग्रस्ताला हातापायाला धरून उचलायचे नाही ते याचसाठी. डोके, मान आणि पाठ एका रेषेत धरून, तीन-चार जणांनी मिळून हलवायचे.

अहवालात ‘एल४-एल५ डिस्क’ लिहिले आहे. कळ मात्र पायात का?

कारण दबलेले मूळ पायाकडे जाणारे आहे. अहवालात ‘एल’ म्हणजे कमरेचा मणका, ‘एस’ म्हणजे त्रिकास्थी आणि डिस्क म्हणजे दोन मणक्यांमधली गादी. सायटिक चेता कमरेच्या चौथ्या मुळापासून त्रिकास्थीच्या तिसऱ्या मुळापर्यंतच्या तंतूंनी बनते, शरीरातली सर्वांत जाड चेता ती हीच. एल४-एल५ची गादी सरकली तर बहुधा पाचवे मूळ दाबले जाते: कळ पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलायला कमजोर, टाचांवर चालता येत नाही. एल५-एस१ची सरकली तर पहिले त्रिकमूळ: कळ पोटरीच्या मागून तळव्याच्या बाहेरच्या कडेला, चवड्यांवर उभे राहता येत नाही, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंद. लक्षणांची जागा आणि अहवालातली जागा जुळत नसेल तर शस्त्रक्रियेची घाई करू नये. एमआरआयमध्ये सरकलेल्या गाद्या काहीही न दुखणाऱ्या माणसांतही दिसतात.

एक प्रसंग मात्र थांबण्याचा नाही. लघवी तुंबणे, शौचावरचा ताबा जाणे, बैठकीची जागा बधिर होणे. मुळांचा अख्खा झुपका दबल्याची ही खूण आहे. त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोचायला हवे.

बोटांना मुंग्या येतात. मान, कोपर की मनगट?

कोणती बोटे, ते नीट पाहा. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू: मनगटाच्या बोगद्यात दबलेली मीडियन चेता. रात्री जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते. तळहाताच्या अंगठ्याकडच्या उंचवट्याची त्वचा मात्र बधिर होत नाही, कारण तिची फांदी बोगद्याबाहेरून जाते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू: अल्नर चेता, बहुधा कोपराशी दबलेली. फोन कानाला लावून कोपर तासन्‌तास दुमडून ठेवणे हे एक नेहमीचे कारण.

करंगळीबरोबर मनगटाच्या वरही, हाताच्या आतल्या बाजूने बधिरपणा चढत असेल तर कोपर नव्हे, मानेतले मूळ संशयित धरा. त्या त्वचेला अल्नर चेता जातच नाही.

मधुमेहात पावलांपासूनच का सुरुवात होते?

सर्वांत लांब तंतू आधी गळतात. बोटे, पाऊल, पोटरी असे मोज्यासारखे बधिरपण चढत जाते. ते साधारण गुडघ्याशी आले की हातांची बोटे सुरू होतात. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा बारीक धागा) तळव्याला टेकवून आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) अंगठ्यावर ठेवून हे तपासतात. वर्षातून एकदा तरी ही तपासणी मागून घ्या. रोज रात्री तळवे आरशात पाहा. उन्हाने तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी चालू नका, चटका कळणार नाही.

ब१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत मेरुरज्जूच्या मागच्या भागातले सांध्यांची जाण नेणारे तंतू खराब होतात. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, ही तिची जुनी खूण. वनस्पतींत हे जीवनसत्त्व नसते. दूधही बेताचेच घेणाऱ्या शाकाहारी माणसाने ते तपासून घ्यावे.

नितंबात इंजेक्शन देताना जागा का ठरलेली असते?

सायटिक चेता खालच्या-आतल्या भागातून जाते. म्हणून नितंबाचे चार भाग करून वरच्या-बाहेरच्या चौथ्या भागातच सुई. तान्ह्या बाळांत स्नायू लहान असतो, तिथे मांडीची बाहेरची बाजू. सुई टोचताच पायात विजेसारखी कळ गेली तर औषध ढकलू नये, सुई बाहेर काढावी.

विंचू चावला की हातपाय थंड आणि घाम का?

स्वायत्त चेतासंस्थेचे दोन भाग आहेत. अनुकंपी भाग छातीच्या पहिल्या ते कमरेच्या दुसऱ्या पातळीपर्यंतच्या मेरुरज्जूतून निघतो आणि धावपळीची तयारी करतो. परानुकंपी भाग मेंदूच्या तिसऱ्या, सातव्या, नवव्या, दहाव्या चेतांतून आणि त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या मुळांतून निघतो. कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाचे विष सोडियमचे मार्ग उघडे ठेवते आणि अनुकंपी चेता बेफाम होतात. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन वापरून या मृत्यूंना आळा घातला. चेतांची रचना समजून घेऊन केलेला इतका थेट उपचार क्वचितच सापडेल.

ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांत नेमके उलटे घडते, परानुकंपी चेता बेफाम होतात. संदेश फटीपलीकडे नेणारे रसायन अ‍ॅसिटिलकोलीन तोडणारे वितंचक (एन्झाइम) बंद पडते: बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ, घाम, छातीत घरघर, स्नायू फडफडणे. कपडे ताबडतोब काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, बाटली किंवा तिचे लेबल रुग्णालयात घेऊन जा. उतारा अ‍ॅट्रोपिन. फवारणी करणाऱ्या प्रत्येक घराला हे तोंडपाठ असायला हवे.

तुटलेली चेता पुन्हा जुळते का?

परिघीय चेता वाढते, दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, आणि श्वान पेशींची नळी शाबूत असेल तर जुन्या वाटेने. कोपराशी कापलेली चेता हाताच्या पंजापर्यंत ३० सेंटिमीटर पोचायला दहा महिने लागतात. स्नायू तोवर तग धरतो, पण वर्ष-दीड वर्षाच्या पुढे तो सुकून जातो, मग चेता पोचूनही उपयोग होत नाही. म्हणूनच काचेने मनगट कापले आणि बोटे बधिर झाली तर नुसते टाके घालून घरी जाऊ नका. त्याच वेळी बोटांचा स्पर्श तपासून घ्या आणि चेता तुटली असेल तर ती काही दिवसांतच, सूक्ष्मदर्शकाखाली शिवून घ्या. वाढ कुठवर आली हे चेतेच्या वाटेवर बोटाने हलकेच टिचकी मारून कळते. जिथे टिचकीने झिणझिणी येते, ते वाढत्या टोकाचे ठिकाण. दर महिन्याला तिथे पेनाने खूण करा. खूण पुढे सरकत नसेल तर शल्यचिकित्सकाला पुन्हा दाखवा.